ग्रॅच्युइटी आणि सहाशे मिलिमीटर

पुण्यातला माणूस निवृत्त झाला की सकाळी टेकडीवर जातो आणि परत येऊन वर्तमानपत्राला पत्र लिहितो. नागपूरचा निवृत्त माणूस शेजाऱ्याच्या बांधकामावर देखरेख करतो. बेंगळुरूतला निवृत्त माणूस लेन्स विकत घेतो.

निवृत्त माणसं तयार करण्याचा या शहराचा अनुभव दांडगा आहे. हिंदुस्तान एअरक्राफ्ट १९४० मध्ये सुरू झाली, टेलिफोनवाली आयटीआय १९४८ मध्ये, एचएमटी १९५३ मध्ये, बीईएल १९५४ मध्ये. पुढे इस्रो आली. या ठिकाणांहून विमानं, टेलिफोन, घड्याळं, रडार आणि उपग्रह बाहेर पडले. आणि त्यांच्याबरोबर दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला शाल, श्रीफळ आणि गटफोटो घेऊन साठ वर्षांची माणसंही बाहेर पडत राहिली. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला तरी ज्यांना झोप लागत नाही, अशी ही माणसं. त्यांना घरी भाजी निवडायला बसवलं तर भेंड्या लांबीच्या क्रमाने लावून ठेवतात. नंतर सॉफ्टवेअर आलं आणि निवृत्तीचं वय आणखी खाली आलं. तिथला माणूस पंचेचाळिशीतच ‘बास झालं’ म्हणतो, पण उद्या सकाळी उठून काय करायचं हे त्याच्या कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये नसतं.

दोघांनाही शेवटी कॅमेरा सापडतो. त्यात आकडे आहेत, बटणं आहेत, इंग्रजी माहितीपुस्तिका आहे, आणि ‘जरा बाहेर जाऊन येतो’ असं सांगून सहा तास गायब होण्याची सोय आहे.

रविवारी पहाटे हेसरघट्ट्याच्या माळावर किंवा होस्कोट्याच्या तळ्याकाठी ही मंडळी एकत्र दिसतात. अंगावर झाडापानांचे ठसे असलेलं जाकीट, डोक्यावर तसलीच टोपी, आणि पायांत मुलाने अमेरिकेहून आणलेले भडक केशरी बूट. म्हणजे कमरेच्या वर ते पक्ष्यांना दिसत नाहीत आणि घोट्याच्या खाली विमानातूनही दिसतात. ओळख करून द्यायची पद्धत ठरलेली आहे. आधी जुना हुद्दा, मग लेन्स, शेवटी नाव. “हे माजी जनरल मॅनेजर, दोनशे ते पाचशे. हे माजी मुख्य व्यवस्थापक, सहाशे.” सहाशेवाल्याला कोणी न सांगता पुढची जागा मिळते. इतक्यात कोणीतरी दबक्या आवाजात “सार, इल्ली बन्नी” असं बोलावतं आणि एकूण पाच-सहाशे वर्षांचा अनुभव तिपायांसकट पळत सुटतो. झुडपावर एक वेडा राघू बसलेला असतो. तो काल विजेच्या तारेवरही होता आणि ती तार या सगळ्यांच्या घरासमोरूनच जाते. पण तिथे त्याच्या मागे पाण्याची टाकी येते, आणि टाकी आली की पार्श्वभूमी गेली.

हा छंद आहे असं बाहेरच्यांना वाटतं. जवळून पाहिलं तर कळतं, की नोकरीतून सुटलेला माणूस कॅमेरा घेतो आणि वर्षभरात त्याला दुसरी नोकरी लागलेली असते. वेळ पहिलीपेक्षा वाईट, साहेब जास्त, बढतीची परीक्षा कडक. एकच फरक, या नोकरीत पगार कर्मचाऱ्याने द्यायचा असतो.

तो किती, तेही पाहू. ग्रॅच्युइटीची कायदेशीर कमाल मर्यादा २०१८ मध्ये दहा लाखांवरून वीस लाखांवर गेली. सहाशे मिलिमीटर, एफ ४ अशी नवी लेन्स घ्यायची तर ती दहा लाखांच्या बरीच वर जाते. म्हणजे माणसाची अर्ध्याहून अधिक हयात एका काचेच्या नळीत बसते आणि वर बॅगेचे पैसे वेगळे. म्हणून बहुतेक जण आधी गरिबांची लेन्स घेतात. निकॉनने २०१५ मध्ये काढलेली दोनशे ते पाचशे मिलिमीटरची लेन्स या मंडळींमध्ये लोकप्रिय झाली, ती यामुळेच. तिचं वजन २.३ किलो. घरात गॅसचं सिलिंडर सरकवायला ‘माझी कंबर’ असं उत्तर देणारा माणूस ते वजन गळ्यात अडकवून चार तास तळ्याकाठी उभा राहतो, हे त्याच्या बायकोच्या नजरेतून सुटत नाही.

घरातली बोलणी सुरुवातीला सभ्य असतात. “अहो, एवढ्यात अख्खं घर रंगवून झालं असतं.” “त्याला रिसेल व्हॅल्यू नसते.” पुढे लेन्सला बुरशी लागू नये म्हणून आर्द्रता कायम राखणारं कपाट येतं. ते फ्रिजशेजारी ठेवलं जातं आणि दोघांपैकी जास्त काळजी कोणाची घेतली जाते हे पाहुण्यांनाही कळतं. मग एक दिवस स्वयंपाकघरातला दोन किलो राजमा नाहीसा होतो. जीपच्या कठड्यावर लेन्स टेकवायला कापडी पिशवी लागते, ती प्रवासात रिकामी न्यायची आणि जंगलाजवळ पोचल्यावर कडधान्याने भरायची, असा या धंद्यातला रिवाज आहे. हे गृहस्थ ती घरूनच भरून नेतात. काबिनीच्या जंगलातून राजमा परत येतो, तेव्हा त्यात वाघाच्या वाटेवरची धूळ असते. तो भिजत घालायचा की नाही यावर दोन दिवस अबोला.

काबिनीचं नाव निघालंच आहे तर तिथलं एक शहाणपण सांगायला हवं. कर्नाटकातल्या सफारींमध्ये कॅमेऱ्याचं शुल्क लेन्सच्या लांबीवरून आकारलं जातं. आखूड लेन्सला सवलत, लांबलचक लेन्सला जास्त दर. जगात मालमत्ता कर, उत्पन्न कर आणि वाहन कर आहेत; पण प्रतिष्ठेवर इतक्या थेट मोजपट्टी लावून कर घेण्याचं काम जंगलातच झालं. आश्चर्य म्हणजे निवृत्त लेखापाल हा कर आनंदाने भरतात आणि पावती जपून ठेवतात.

वय झालेल्या माणसाला या धंद्यात उतरता आलं, ते यंत्रांमुळे. हात थरथरतो, तर लेन्समधली काच ती थरथर झेलते. नजर अधू झाली, तर नेत्रदर्शकाच्या बाजूला एक बारीकसं चाक असतं, ते फिरवून आपल्या चष्म्याचा नंबर लावता येतो. हे चाक पुष्कळांना फार उशिरा सापडतं. तोवर माणूस नवी लेन्स ‘सॉफ्ट’ आहे म्हणून दुकानदाराशी भांडून आलेला असतो, लेन्स तपासणीला पाठवलेली असते, आणि दुकानातल्या बावीस वर्षांच्या मुलाने एका बोटाने ते चाक फिरवल्यावर “ओह” एवढंच म्हणून बाहेर पडलेला असतो.

सगळ्यात मोठी क्रांती मात्र डोळ्याची आहे. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा आपोआप सापडतो. पक्षी झाडावर असो की उडत असो, पडद्यावरचा छोटा चौकोन त्याच्या डोळ्याला चिकटून राहतो. ज्या एका गुणावर अर्जुनाने आयुष्यभर नाव कमावलं, तो आता मेनूच्या तिसऱ्या पानावर आहे. द्रोणाचार्यांच्या त्या परीक्षेत आज शंभरच्या शंभर कौरव पास झाले असते.

गुडघ्यांचं काय करायचं हे अजून जपान्यांनाही सुटलेलं नाही. पक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घ्यावा, असं सगळे गुरू सांगतात. टिटवीच्या डोळ्याची पातळी जमिनीपासून वीतभर. त्यामुळे एकेकाळी संचालक मंडळासमोर न वाकलेला माणूस टिटवीसमोर चिखलात पालथा पडतो. पडणं सोपं असतं. फोटो झाल्यावर दोघे जण हात देतात, तिसरा तिपाई पुढे करतो, आणि टिटवी हा सोहळा पाहायला थांबते. तेव्हाच तिचा सगळ्यात चांगला फोटो मिळाला असता.

शिवाय यंत्र सेकंदाला वीस-वीस फोटो काढतं. खंड्याने पाण्यात एक बुडी मारली की घरी चारशे फोटो येतात. त्यातले तीनशे नव्वद पुसायचे असतात आणि इथे सरकारी संस्कार आडवा येतो. फाईल नष्ट करायची नाही! ज्यांनी कोट्यवधींची टेंडरं अर्ध्या तासात फेटाळली, त्यांना खंड्याची शेपूट कापली गेलेला फोटो फेटाळवत नाही. मग एक्सेल उघडलं जातं. तारीख, ठिकाण, पक्षी, शटर, आयएसओ, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘पुनश्च प्रयत्न करावा’.

बढतीची व्यवस्था तर थेट केंद्र सरकारच्या तोडीची आहे. बेंगळुरूत तिची पाळंमुळं जुनी आहेत. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही देशभरच्या छायाचित्रण क्लबांची संस्था १९५३ मध्ये उभी राहिली, ती बेंगळुरूच्या डॉ. जी. थॉमस यांच्या खटपटीतून. हे गृहस्थ पेशाने डॉक्टर. यूथ फोटोग्राफिक सोसायटी १९७१ मधली. नावात यूथ असलं तरी अर्धशतक उलटून गेलं आहे आणि यूथ जपून वापरलेलं आहे. या क्लबांच्या वर, १९५० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था, फियाप. तिच्या सलोनांमध्ये, म्हणजे स्पर्धांमध्ये, फोटो पाठवायचे, निवडले गेलेले मोजायचे, आणि पुरेसे झाले की नावापुढे अक्षरं लावायची. आधी एएफआयएपी. मग ईएफआयएपी. त्यापुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि मग डायमंडच्या चढत्या तीन पायऱ्या. ज्याची नोकरीतली शेवटची बढती अडवली गेली होती, त्याला ही शिडी पाहून काय वाटत असेल याची कल्पना करावी. इथे गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब नाही. परीक्षक पाच देशांत विखुरलेले आहेत, त्यांच्या घरी दिवाळीला मिठाई पाठवता येत नाही.

‘निसर्ग’ विभागाचे नियम तर ऑडिटरांनीच लिहिले असावेत असे आहेत. फोटोत काही जोडायचं नाही, काही पुसायचं नाही, माणसाच्या हाताची खूण शक्यतो दिसू द्यायची नाही. त्यामुळे पोपटाच्या पायाशी तारेचा तुकडा दिसला की अर्धा तास सभा. तार ही मानवनिर्मित, पण पोपट तिच्यावर स्वेच्छेने बसला आहे, सबब...? क्लबाच्या बैठकीत असा विषय निघाला की निवृत्त मंडळींच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते सूर्योदयालाही येत नाही. ही तपासणीची सवय संग्रहालयातही सुटत नाही. कस्तुरबा रोडवर म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी उघडलं, २०२३ मध्ये. तिथे ज्योती भट्ट यांच्यासारख्या मोठ्या माणसाच्या छायाचित्रांचा ठेवा आहे. भट्ट हे बडोद्याचे चित्रकार. लोककलांची नोंद करता करता छायाचित्रकार झाले. त्या फोटोंसमोर क्लबातला एखादा नवा सभासद हात मागे बांधून बराच वेळ उभा राहतो, आणि म्हणतो, “क्षितिज अर्धा डिग्री डावीकडे कललंय.”

उशिरा कॅमेरा हाती घेणाऱ्यांची वंशावळ मात्र घरंदाज आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मली. सहा मुलांची आई. आईला एकटेपणात विरंगुळा हवा म्हणून लेक-जावयाने तिला १८६३ च्या नाताळात कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. विरंगुळा म्हणून दिलेल्या वस्तूने घराचं काय होतं हे लेकीला ठाऊक नव्हतं. बाईने कोंबड्यांचं खुराडं रिकामं करून तिथे स्टुडिओ थाटला, कोळशाच्या खोलीत डार्करूम केली आणि टेनिसन, डार्विन यांच्यासारख्यांना पकडून पकडून समोर बसवलं. फोटो फोकसमध्ये नाहीत म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. आज तेच फोटो संग्रहालयांत आहेत आणि नाकांची नोंद नाही. जपानच्या किमिको निशिमोतो यांनी तर ७२ व्या वर्षी मुलाच्याच वर्गात नाव घातलं. नंतर स्वतःला कचऱ्याच्या पिशवीत घालून आणि कपड्यांबरोबर दोरीवर वाळत टाकून काढलेल्या फोटोंनी त्या जगभर गाजल्या. २०२५ मध्ये, ९७ व्या वर्षी त्या गेल्या.

खुद्द बेंगळुरूचा पूर्वज म्हणजे कॅप्टन लिनियस ट्राइप. मद्रास पलटणीतला हा अधिकारी रजेवर विलायतेला गेला, तिथे फोटोग्राफी शिकला आणि परत बेंगळुरूला रुजू झाल्यावर १८५४ च्या डिसेंबरात हळेबीड आणि बेलूरची देवळं टिपून आला. १८५६ मध्ये मद्रास सरकारने त्याला सरकारी छायाचित्रकार नेमलं. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या पायाभोवतीचा शिलालेख त्याने २१ फोटो जोडून सलग उतरवला. तो कागद भरला एकोणीस फूट. मग नवे गव्हर्नर ट्रेव्हेलियन आले, त्यांनी खर्चाचे तक्ते पाहिले आणि ही चैन आहे असं ठरवून खातंच बंद केलं. कॅप्टन पुन्हा पलटणीत. पहिली नोकरी पूर्ण सोडू नये, हा धडा त्यातून कोणी घ्यायचा तो घेवो.

लाला दीनदयाळांनी तो आधीच घेतलेला असावा. इंदूरच्या बांधकाम खात्यात ते १८६६ पासून नकाशे काढत आणि खर्चाचे अंदाज करत होते. कॅमेरा हातात आला १८७४ मध्ये. दहा-अकरा वर्षं दोन्ही सांभाळलं, मग नोकरीवर लाथ न मारता दोन वर्षांची रजा टाकली. रजेत धंदा चालतो आहे अशी खात्री पटल्यावर निवृत्ती, आणि पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार. सरकारी माणसाने नोकरी सोडण्याची याहून शास्त्रोक्त पद्धत आजवर निघालेली नाही. आपल्याकडे गौतम राजाध्यक्ष जाहिरात संस्थेतली नोकरी सोडून १९८७ मध्ये पूर्णवेळ छायाचित्रकार झाले, सदतिशीच्या आसपास. बेंगळुरूतला कल्याण वर्मा याहूतल्या नोकरीतून विशीतच बाहेर पडला. पुढे अमोघवर्षबरोबर त्याने ‘वाइल्ड कर्नाटका’ हा माहितीपट केला, आणि त्याला आवाज दिला डेव्हिड ॲटनबरो यांनी. तळ्याकाठचे ज्येष्ठ ही गोष्ट एकमेकांना सांगतात, पण घरातल्या इंजिनिअर मुलासमोर सांगत नाहीत.

नोकरी न सोडणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव मराठी आहे. संडूर संस्थानच्या घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकचे अर्थमंत्री होते आणि त्याच वेळी देशातले नामांकित वन्यजीव छायाचित्रकारही. १९८३ मध्ये त्यांच्या जंगलातल्या फोटोंचं आणि टिपणांचं पुस्तक लंडनहून निघालं. दिवसभर न दिसणाऱ्या वाघाची वाट पाहण्याची तयारी असलेला माणूसच अर्थसंकल्पातल्या वसुलीच्या आकड्यांकडे शांतपणे पाहू शकत असेल. बेंगळुरूच्या टी. एन. ए. पेरुमाळ यांचं तर उभं आयुष्यच कॅमेऱ्यामागे गेलं. या शहरातल्या कित्येक हौशींनी पानाआड कसं बसायचं आणि घरट्याला धक्का न लावता कसं उठायचं, हे त्यांच्याकडे पाहून शिकून घेतलं.

आता मुख्य प्रश्न: पैसे मिळतात का? मिळतात, पण पक्ष्यांकडून नाही. पक्ष्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत, आणि ते सकाळी सहाला ‘सुप्रभात’ लिहून फुकट येतात. या धंद्यात खात्रीचं उत्पन्न एकच: जो तुमच्यानंतर निवृत्त झाला त्याला शिकवणं. म्हणून बेंगळुरूत दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे कार्यशाळा असते. गेल्या वर्षीचा विद्यार्थी या वर्षी मार्गदर्शक असतो. तिकडे भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणारे नावाडी आता पुण्या-मुंबईच्या लेन्सवाल्यांना रोहित पक्षी दाखवायला नेतात. साऱ्या व्यवहारात दुसरं करिअर कोणाचं खरं जमलं असेल तर त्यांचं. त्यांना लेन्सही घ्यावी लागली नाही.

बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेल्या बायका यात जास्त व्यवहारी निघतात. त्या तान्ह्या बाळांचे फोटो काढतात. बाळ झोपेपर्यंत थांबायचं, टोपलीत ठेवायचं, कूस बदलायच्या आत चार फोटो घ्यायचे. तरुण छायाचित्रकार इथे घाम पुसत बसतो, कारण त्याला उबदार खोली, महागडा दिवा आणि समुद्राचा ध्वनी एवढंच ठाऊक असतं. बाई बाळाला खांद्यावर टाकून पाठीवर तीनदा थोपटते आणि हिशेब पूर्ण. वर बाळाच्या आईला डिंकाच्या लाडवांचं प्रमाण लिहून देते, त्याचे पैसे घेत नाही.

पुरुष मात्र लग्नाकडे वळतात आणि तिथे त्यांचं वय आडवं येतं. कल्याण मंटपात पिकल्या केसांचा माणूस कॅमेरा घेऊन दारात शिरला की त्याच्या अंगावर गुलाबपाणी पडतं, कोणीतरी खुर्ची देतं, कोणीतरी “काका, आधी जेवून घ्या” म्हणून पहिल्या पंगतीला बसवतं. तिकडे अंतरपाट दूर होतो तेव्हा काकांच्या पानात बिसीबेळे भात वाढला जात असतो. सप्तपदी संपली की नवरानवरी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत पडत थेट त्यांच्यासमोर येतात. काका मागे सरकून फोकस करतात, जोडपं पुढे सरकून वाकतं. काका आणखी मागे, जोडपं आणखी पुढे. शेवटी भिंत येते. मग कॅमेरा खाली घेऊन आशीर्वाद द्यावाच लागतो, आणि नुसता आशीर्वाद कसा द्यायचा म्हणून खिशातून पाचशे एक रुपयांचं पाकीटही. अल्बमात पाया पडतानाचा एकच फोटो नसतो, तो हाच. आणि आठवड्याने बिल करताना त्या पाचशे एक रुपयांची नोंद खर्चात घ्यायची, की सवलतीत दाखवायची, की घरखात्यात टाकायची, यावर पस्तीस वर्षं लेखा विभागात काढलेला माणूस रात्री अकरापर्यंत पेन चावत बसतो, आणि आतून आवाज येतो, “अहो, झोपा आता. पहाटे चारला तुमचं घुबड आहे.”